दोन नकारांनंतरची फाइल

जुलै २०२४ मध्ये माझे पती पाच आठवड्यांसाठी कॅनडाला येऊन गेले. त्याआधी त्यांचा व्हिजिटर व्हिसा दोनदा नाकारला गेला होता, पहिल्यांदा नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि नंतर ऑगस्ट २०२३ मध्ये. तिसरी फाइल आम्ही दोघांनी एजंटाविना, जवळजवळ तीन महिने खपून तयार केली. त्यानंतर ओळखीतल्या तिघीजणींनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला, की या वेळी नेमके काय बदलले. फोनवर हे सगळे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवत आहे. मी वकील नाही. जे आमच्या हातून चुकले आणि जे आम्ही दुरुस्त केले, तेवढेच माझ्या अधिकारातले आहे.

मी ब्रॅम्प्टनमध्ये एका औषधांच्या दुकानात काम करते आणि माझ्याकडे पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचा परवाना, आहे. माझे पती तासगाव तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. डिसेंबर २०२१ मध्ये लग्न झाले आणि पंधरा दिवसांत मी कामावर परतले, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात हे महिनाभर येऊन जातील असे आम्ही अगदी सहज ठरवून टाकले होते.

पहिली फाइल एका एजंटाने केली. नवरा-बायको म्हटले की व्हिसा मिळत नाही, तेव्हा पर्यटनच पुढे करा, असे त्यांचे म्हणणे होते. कव्हर लेटरमध्ये नायगारा, सीएन टॉवर, टोरंटोची बेटे असे सगळे आले आणि पत्नी तिथे राहते ही गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत गेली. अर्जातली माहिती खोटी नव्हती. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मवर माझे नाव आणि ब्रॅम्प्टनचा पत्ता स्वच्छ लिहिलेला होता. पण एका कागदावर बायको आणि दुसऱ्या कागदावर नायगारा, असे दिसल्यावर वाचणाऱ्याने काय समजावे? हा माणूस खरे कारण मागे ठेवतो आहे, असेच त्याला वाटणार. नकाराचे पत्र आले तेव्हा मी दुकानाच्या मागच्या खोलीत जेवायला बसले होते. माझी दुपारची सुट्टी म्हणजे तिकडचे रात्रीचे अकरा. यांनी फोन उचलला आणि म्हणाले, "तू आधी जेव, मग बोलू."

दुसऱ्या वेळी मी सूत्रे स्वतःच्या हातात घेतली आणि नेमकी उलट दिशेला चूक केली. आमचे नाते खरे आहे यावर त्यांचा विश्वास बसला नसावा, अशी माझी समजूत झाली होती. म्हणून मी लग्नाच्या नोंदणीचा दाखला, हळदीपासून सत्यनारायणापर्यंतचे साठ फोटो, दीड वर्षाच्या फोन कॉलच्या याद्या आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांची पत्रे जोडली. नात्याबद्दल मुळात कुणी शंका घेतलीच नव्हती. उलट, या माणसाचे मन कॅनडात किती गुंतलेले आहे याचाच पुरावा मी साठ पानांनी वाढवला होता. दुसऱ्या नकारात तीन कारणे होती. कॅनडात जवळचे कौटुंबिक संबंध आहेत, भेटीचा हेतू तात्पुरत्या वास्तव्याशी जुळत नाही आणि आर्थिक स्थिती पुरेशी दिसत नाही.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण बहुतेक लोक ती करत नाहीत आणि त्याच कागदांत थोडा फरक करून महिन्याभरात पुन्हा अर्ज टाकतात. आमच्या वेळी नकाराचे पत्र हे ठरावीक वाक्यांचे असे. आपल्या फाइलकडे पाहून अधिकाऱ्याने प्रत्यक्षात काय टिपून ठेवले, हे वेगळ्या नोंदींत असे, ज्यांना सगळे जीसीएमएस नोट्स म्हणतात. कॅनडाच्या माहितीच्या कायद्याखाली त्या ५ डॉलर भरून मागवता येतात आणि उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत घातलेली आहे. मी पीआर असल्याने यांच्या सहीचे संमतिपत्र जोडून तो अर्ज मीच केला. आलेल्या पानांतल्या कामाच्या ओळी जेमतेम पाच-सहा होत्या, पण त्या वाचल्यावर माझे डोळे उघडले. खात्यात अलीकडे मोठी रक्कम जमा झाली असून तिचा उगम स्पष्ट नाही, अर्जदाराचे उत्पन्न कर-विवरणपत्रात दिसत नाही, जमिनीचे कागद वडिलांच्या नावावर आहेत आणि पत्नी कॅनडात आहे, असा त्यांचा सारांश होता. एकही ओळ अन्यायाची नव्हती. आमच्या घरातले जे सत्य आम्हाला पाठ होते, ते कागदावर कुठे उतरलेच नव्हते.

कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतले कलम १७९(ब) मी त्यानंतर नीट वाचले. दिलेली मुदत संपेपर्यंत ही व्यक्ती कॅनडा सोडून जाईल, याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे, एवढाच त्याचा आशय आहे. नाकारलेल्या व्हिजिटर व्हिसावर अपील नसते. फेडरल कोर्टात जाता येते आणि देशाबाहेर झालेल्या निर्णयासाठी ६० दिवसांची मुदतही असते, परंतु कोर्ट व्हिसा देत नाही. फार तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचारासाठी पाठवते. आमची फाइलच कच्ची असल्याने तो मार्ग आम्ही सोडून दिला.

मग आम्ही पैशांपासून सुरुवात केली. ती मोठी रक्कम म्हणजे ८ लाख ४० हजार रुपये, मे २०२३ मध्ये जमा झालेले. ते बेदाण्याचे पैसे होते! तासगावच्या माणसाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. वर्षभर खात्यातून पैसे जातच राहतात आणि बेदाणा विकला की एकदम येतात. पण महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसाला हीच नोंद, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने आणून भरलेले पैसे अशी दिसते. यांनी कोल्ड स्टोअरेजची पावती, सौद्यानंतर अडत्याने दिलेली हिशोबपट्टी आणि बँकेतली नोंद असे तीन कागद एकाखाली एक लावले, तिन्हींतली रक्कम आणि तारीख पेन्सिलीने अधोरेखित केली आणि हेच मागच्या दोन हंगामांसाठीही केले. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १०(१) नुसार कर नव्हता, म्हणून विवरणपत्रात ते उत्पन्न दिसत नाही, हे सीएंकडून एका पानाच्या पत्रात लिहून घेतले. पीककर्जाचा उताराही जोडला. कर्ज दाखवू नका असे दोघा-तिघांनी सुचवले होते, पण खात्यातून जाणारे हप्ते तर दिसणारच होते आणि ज्याचे कर्ज फेडायचे बाकी आहे तो शेतकरी बाग सोडून कुठे जाणार, असा माझा विचार होता.

सातबाऱ्याने मात्र आमचा घाम काढला. एकूण बाग १ हेक्टर ६० आर, म्हणजे चार एकरांच्या आसपास. त्यातला दीड एकर यांच्या नावावर आणि उरलेली सासऱ्यांच्या. पहिल्या दोन्ही वेळी फक्त सासऱ्यांच्या नावाचा उतारा गेला होता आणि त्याचे भाषांतर इतके ढोबळ होते, की त्यावरून ते शेत आहे की घराचा प्लॉट, हेही कळत नव्हते. इंग्रजी किंवा फ्रेंच नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर, मूळ कागदाची प्रत आणि भाषांतरकार प्रमाणित नसेल तर त्याचे शपथपत्र लागते. सांगलीत ज्यांनी आमचे भाषांतर केले, त्यांच्याशेजारी हे दोन दुपारी बसून राहिले. गट नंबर म्हणजे काय, हेक्टर-आर कसे वाचायचे, 'पोटखराब' हा जमिनीचा दोष नसून लागवडीला न येणारे क्षेत्र आहे आणि पिकाच्या रकान्यात 'द्राक्ष' कुठे लिहिले आहे, हे सगळे यांनी भाषांतरकाराला एकेक करून समजावले. दोघांचे सातबारे, दोघांचे आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या एकूण जमिनीचे उतारे) आणि सासऱ्यांचे, म्हणजे आबांचे, शपथपत्र असे कागद झाले. आबांनी त्यात आपले वय लिहिले आणि पुढे लिहिले, की फवारणी, मजूर, औषधांची उधारी आणि विक्री हे सर्व व्यवहार थोरला मुलगा बघतो, त्याच्याशिवाय मला बाग झेपणार नाही. सही करताना त्यांचा हात थोडा थांबला होता, असे यांनी मला नंतर सांगितले.

तरीही परत येण्याचे कारण उताऱ्यावरून दिसत नाही. जमीन माणसाशिवायही जागेवर राहते. माणूस कधी लागतो, हे बागेचे वेळापत्रक सांगते. म्हणून मी यांना म्हटले, "अहो, वर्षभर बागेत काय काय होते ते तुम्ही तुमच्या शब्दांत लिहून पाठवा, मी इंग्रजीत करते." त्यांनी वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवला. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यानंतर विरळणी आणि शेंडा मारणे, जुलै-ऑगस्टमध्ये काडी पक्व होण्याचा काळ, ज्यात फवारणीवर लक्ष ठेवायला धाकटा भाऊ आणि आबा पुरतात. मग ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिथून पुढे डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), विरळणी, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये माल बेदाण्याच्या शेडवर. शेवटी एक वाक्य होते: "फळछाटणी चार दिवस पुढे-मागे झाली तर पूर्ण वर्षाचा हिशोब बदलतो, त्या वेळी मी बागेतच असतो." मी ते तसेच ठेवले. भेटीच्या तारखा त्या वेळापत्रकातून आपोआप निघाल्या. पहिल्या वेळी एजंटाने पूर्ण सहा महिने मागितले होते, दुसऱ्या वेळी मी तीन. या वेळी जुलै-ऑगस्टमधले पाच आठवडे. ज्याच्या बागेचा कामाचा काळ कागदावर आहे, त्याने सहा महिने मागणे हे त्याच्याच कागदांशी विसंगत ठरले असते.

राहिला प्रश्न माझा, म्हणजे पत्नी कॅनडात असण्याचा. तो कोणत्याही कागदाने नाहीसा होणार नव्हता आणि मला वाटते, आमच्या फाइलमधला सर्वांत मोठा बदल इथेच झाला. कव्हर लेटरचे पहिलेच वाक्य आम्ही असे लिहिले, की अर्जदार आपल्या पत्नीला भेटायला येत आहे. दुसऱ्या परिच्छेदात पुढच्या बेताची कबुली दिली. धाकट्या दिराचे कृषी पदवीचे शिक्षण पूर्ण होऊन तो बाग हातात घेईपर्यंत आम्ही स्पॉन्सरशिपचा, म्हणजे यांना कायमचे राहायला कॅनडात बोलावण्याचा, अर्ज करणार नाही. त्यानंतर करण्याचा आमचा विचार आहे आणि तो आम्ही योग्य मार्गानेच करू. कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यातले कलम २२(२) नेमके याच परिस्थितीसाठी आहे. पुढे कायमचे राहायला येण्याची इच्छा असली, तरी मुदत संपल्यावर परत जाणार याची अधिकाऱ्याला खात्री पटत असेल, तर केवळ त्या इच्छेमुळे तात्पुरता प्रवेश अडत नाही. दीड वर्ष आम्ही जी गोष्ट दडपून ठेवत होतो, ती बोलायला कायद्यानेच जागा ठेवलेली होती. ते कलम पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही.

आधीच्या नकारांबद्दलही असेच. आधी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का, असा थेट प्रश्न अर्जात असतो. दुसऱ्या अर्जाच्या वेळी, पहिला नकार लिहू नका, कोण तपासतो, असे मला एका माणसाने सांगितले होते. त्याचे ऐकले नाही याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते. माहिती दडवणे किंवा खोटी देणे सिद्ध झाले तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते, आणि तो डाग स्पॉन्सरशिपच्या वेळीही आडवा येतो. तिसऱ्या अर्जात आम्ही दोन्ही नकारांच्या तारखा दिल्या आणि प्रत्येक आक्षेपासमोर, या वेळी त्याचे उत्तर कोणत्या पानावर आहे, ते लिहिले.

माझ्याकडचे कागद फारसे गुंतागुंतीचे नव्हते. इन्व्हिटेशन लेटर, पीआर कार्डाची प्रत, नोकरीचे पत्र, पगाराच्या स्लिपा, कर खात्याची नोटीस ऑफ असेसमेंट आणि घराचा भाडेकरार. विमानाचे भाडे ते भरतील आणि राहण्या-जेवण्याचा खर्च मी करीन, असे दोघांच्याही पत्रांत सारखेच लिहिले. लग्नाचे फोटो साठावरून चारवर आले.

अर्जाची फी १०० डॉलर. बोटांचे ठसे २०२२ मध्ये दिलेले होते आणि ते दहा वर्षे चालतात, त्यामुळे त्याचे ८५ डॉलर पुन्हा भरावे लागले नाहीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पासपोर्ट जमा करण्याचे पत्र आले. या वेळी तिकडे सकाळ होती आणि हे बागेतच होते. मागे फवारणीच्या ब्लोअरचा आवाज इतका मोठा होता, की मला तीनदा सांगावे लागले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते आले आणि पाच आठवडे पूर्ण होण्याच्या दोन दिवस आधी परत गेले. कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून जातानाचा बोर्डिंग पास आणि मुंबई विमानतळावरच्या आगमनाच्या शिक्क्याचे पान आम्ही त्याच दिवशी स्कॅन करून ठेवले. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी सुरू झाली, त्या सकाळी यांनी मला छाटलेल्या पहिल्या ओळीचा फोटो पाठवला. तोही मी तारखेसह त्याच फोल्डरमध्ये घालून ठेवला आहे.