तुम्ही विचारलंत म्हणून: संशोधन सरकारपर्यंत पोचत का नाही?

‘आरोग्यावर एवढं संशोधन होतं, मग ते सरकारपर्यंत पोचत का नाही?’ लग्नघरात, गाडीत, वर्गात, सगळीकडे मला हेच विचारतात. आजवर मोघम बोलून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

पोचतं. तुम्हीच ज्याचं उदाहरण देता ते गडचिरोली घ्या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. तुलनेच्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं 1999 साली. आशांमार्फत, म्हणजे सरकारच्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, देशभर कार्यक्रम सुरू झाला 2011 मध्ये. मधल्या काळात इतर ठिकाणी पडताळणी व्हायची होती, आशाच मुळी 2005 नंतर आल्या, हे सगळं मान्य. तरी बारा वर्षं काही थोडी नव्हेत.

पण मला झोंबतं ते वेगळंच. सरकारने उचललं ते मोजता येणारं. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाच्या घरी येऊन सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत, भरलेला फॉर्म आणि आशाला 250 रुपये. गडचिरोलीत शिकवलेल्या त्या बायका, आरोग्यदूत, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. ते आशाच्या हाती आलंच नाही.

हा मुद्दा मी एका सरकारी बैठकीत काढला. सोबत एका आशाताईने भरलेल्या फॉर्मची प्रत होती. सातव्या दिवसाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: दूध ओढत नाही, रडणं बारीक झालं, छाती आत जाते. तिने एकही लक्षण चुकवलं नव्हतं. खाली निळ्या शाईत, ‘दवाखान्यात न्यायला सांगितले. नाला भरला होता.’ पुढच्या भेटींचे रकाने कोरे.

तिथल्या अधिकारी साहेबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, “मॅडम, उद्या ताईने इंजेक्शन दिलं आणि बाळ गेलं, तर सही कुणाची?”

“आणि सर, इंजेक्शन न मिळता गेलं तर?”

“त्याला सही लागत नाही.”

ते हे गुर्मीत बोलले नाहीत. स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षानुवर्षं काढलेला माणूस होता. बैठक पुढच्या विषयाकडे गेली, आराखड्यात कुठल्या लेखाशीर्षाखाली किती मागायचे याकडे.

तेव्हा मी फार चिडले होते, आणि तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला आमच्या शोधनिबंधात उत्तर नव्हतं, हेही खरं. जबाबदारी कोण घेणार, औषध संपलं तर कुठून येणार, देखरेख ठेवणाऱ्याची बदली झाली की काय, हे आम्ही ‘अंमलबजावणीचा भाग’ म्हणून सोडून देतो. सरकारचं तर सगळं कामच तिथे असतं.

म्हणून आता अभ्यास आखतानाच मी विचारते, यावर सही कोण करेल? सहकाऱ्यांना हे शहाणपणाचं वाटतं. मला मात्र धास्ती वाटते. बंग दांपत्याने आधी हा प्रश्न विचारला असता, तर खेड्यातल्या बाईच्या हातात सिरिंज दिली असती का? सरकारला झेपतील तेवढेच प्रश्न मी विचारायला लागले आहे का? चिडलेली ती मी म्हणते, हो. आजची मी म्हणते, नाहीतर तो कागद आणखी बारा वर्षं पडून राहील. दोघींचं अजून पटलेलं नाही.