कॅमेरा घेऊन मुंबईच्या लोकलमागे

लोकलचा फोटो म्हटलं की बहुतेकांना दारात लटकलेली गर्दी हवी असते. तो फोटो आजवर असंख्य जणांनी काढलाय. शिवाय त्यासाठी साडेआठ-नऊला दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहायचं म्हणजे कामावर निघालेल्या माणसांच्या पायात यायचं. म्हणून मी आणि मेव्हण्यानं गर्दीची वेळ सोडून बेत आखला. शुक्रवारी अकराला चर्चगेट, रविवारी पहाटे मध्य रेल्वे, मुक्काम डोंबिवलीला त्याच्याच घरी.

तिकिटाचं आधी सांगतो. प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासांचं आणि त्याच स्टेशनापुरतं. चार स्टेशनांवर उतरत फिरायचं असेल तर टुरिस्ट पास घ्या. तो एक, तीन किंवा पाच दिवसांचा मिळतो आणि मध्य, पश्चिम, हार्बर या तिन्ही मार्गांवर चालतो. टीसी दिसला की खिसे चाचपायची वेळ येत नाही.

शुक्रवारी अकराच्या सुमारास चर्चगेटबाहेर डबेवाल्यांची लगबग सुरू होती. लांबलचक लाकडी ट्रे डोक्यावरून उतरतात, फुटपाथवर डबे मांडले जातात, झाकणावरच्या रंगीत खुणा बघून हात भराभर वाटणी करतात. सायकली भरल्या की जागा पुन्हा मोकळी. फोटो हातांचे आणि झाकणांचे काढा, तेच बघण्यासारखे आहेत. आणि त्यांच्या वाटेत उभं राहू नका. “ओ, बाजूला!” एवढंच ऐकू येतं, पाठोपाठ ट्रे येतो.

रविवारी पहिल्या उजेडात सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८८७ साली पूर्ण झालेली ही इमारत, २००४ पासून जागतिक वारशात. पण तिचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो. बाहेरचे फोटो दुपारी चारनंतर काढा, फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ तेव्हा उजळतात. सकाळी आतच रमा. तिकीटघराच्या कमानी आहेत, आणि दगडात कोरलेले मोर, माकडं शोधत मान दुखेपर्यंत वर बघता येतं.

गाडीच्या कपाळावरची पाटी नीट यायला हवी असेल तर शटर १/१०० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून मंद ठेवा. शटर वेगवान केलं की एलईडीचे ठिपके तुटतात आणि कसारा लोकलची खूण असलेला ‘एन’ अर्धाच उमटतो. मंद शटरवर धावती गाडी हलते, म्हणून पाट्यांचे फोटो शेवटच्या स्टेशनावर, गाडी उभी असताना काढलेले बरे. फ्लॅश बंद. मोटरमनच्या डोळ्यांवर तो मारणं हा निव्वळ बेजबाबदारपणा.

सीएसएमटीलाच आरपीएफचा (रेल्वे संरक्षण दलाचा) जवान आला. “कशासाठी काढताय?” घरच्यासाठी, म्हणालो. त्यानं स्क्रीनवर चार फोटो बघितले, “रुळांकडे जाऊ नका” म्हणाला आणि गेला. हौसेच्या फोटोंना आम्हाला कुठेच कुणी अडवलं नाही. जाहिरात किंवा प्री-वेडिंग असेल तर मात्र रेल्वेच्या जनसंपर्क विभागाची आगाऊ परवानगी लागते. ट्रायपॉड घरीच ठेवा, तो उघडला की प्रश्न वाढतात. ड्रोनचा विचारही नको. रूळ ओलांडणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, फोटोसाठी ओलांडलेत तरी. दारातून बाहेर झुकून काढलेल्या फोटोचं कौतुक मला तरी वाटत नाही. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा रोखायचा नाही, आणि माणूस ओळखू येईल इतक्या जवळून काढायचं तर आधी विचारायचं.

मला सगळ्यात आवडलं ते सँडहर्स्ट रोड. खालून मुख्य मार्ग, वरून हार्बर. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी धावली ती याच हार्बर मार्गावरून, व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला. वरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारतींच्या अगदी शेजारून जाते, वाळत घातलेले कपडे आणि जांभळ्या पट्ट्याचा डबा एकाच चौकटीत बसतात. पुढे भायखळा. स्टेशनाच्या जीर्णोद्धाराला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळालाय, तेव्हा उतरून बघाच.

परळ-प्रभादेवीच्या पादचारी पुलांवरून मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही मार्गांचे रूळ दिसतात, पण गर्दीच्या वेळी तिथे थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत इथेच वीसहून जास्त माणसं गेली. रविवारी सकाळी पूल मोकळा होता, तरी आम्ही कठड्याला खेटूनच उभे राहिलो.

रविवारी साडेदहाच्या आत मुख्य काम उरका. त्यानंतर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद (पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात), गाड्या वळवतात, आणि आधी रिकामा असलेला प्लॅटफॉर्म वैतागलेल्या माणसांनी भरतो. ब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते आदल्या दिवशीच्या पेपरात छापून येतं. ते वाचूनच स्टेशनांचा क्रम ठरवा, आणि सॅक पाठीवर नको, पोटावर घ्या.