बेसाल्टमध्ये बिट टिकवताना

जिओथर्मल (जमिनीतली उष्णता वर आणणाऱ्या) विहिरीच्या सव्वाबारा इंची टप्प्यासाठी बिट, म्हणजे तळाशी खडक कापणारं अवजार, ठरवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी शेजारच्या विहिरीचे रिपोर्ट वाचून काढले. वाचून हुरूप यावा असं त्यात काही नव्हतं. तीन फिरत्या कोनांचं ट्रायकोन बिट खाली जायचं, थोडं कापायचं, बेअरिंग निकामी व्हायचं, सगळी स्ट्रिंग (पाइपची माळ) बाहेर. पुन्हा नवं बिट, पुन्हा तीच रड. दोन किलोमीटर खोलीवरून पाइप काढून परत सोडण्यात निम्मा दिवस सहज जातो आणि रिगचं भाडं तेव्हाही चालूच असतं. त्यामुळे बिटच्या किमतीवर घासाघीस करणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. मीटरमागचा खर्च काढताना कापण्याचा आणि ट्रिपचा (पाइप काढून परत सोडण्याचा) असा दोन्ही वेळ धरून रिगचं भाडं घ्यायचं, त्यात बिटची किंमत मिळवायची आणि किती मीटर कापलं त्याने भागायचं. कडक खडकात या हिशोबात बिटची किंमत किरकोळ ठरते. खिसा कापते ती ट्रिप.

खडकाबद्दल एक गैरसमज सगळीकडे भेटतो. ज्वालामुखी खडक म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसारखा कठीण, असं लोक धरून चालतात. तसा असता तर काम सोपं झालं असतं. प्रत्यक्षात लाव्हाचा एक थर, त्यावर राख किंवा लाल मातीचा पट्टा, मग भोकाभोकांचा ठिसूळ खडक, की पुन्हा घट्ट लाव्हा. घट्ट बेसाल्ट चिरडायला १०० ते ३०० मेगापास्कल दाब लागतो आणि त्याला लागून असलेली राख त्या मानाने लोण्यासारखी. त्यात गरम पाणी भेगांमधून फिरून क्वार्ट्झ भरून ठेवतं. शेकरवरच्या, म्हणजे वरच्या चाळणीवर येणाऱ्या, कटिंग्जमध्ये (खडकाच्या चुऱ्यात) एपिडोट हे पोपटी खनिज दिसायला लागलं की समजायचं, हा खडक कधीतरी २४० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेला आहे.

बिट दोनच जातींतून निवडायचं होतं. रोलर कोनचं पेटंट हॉवर्ड ह्यूज सीनियर यांनी १९०९ मध्ये घेतलं, तीन कोनांचं बिट १९३३ मध्ये आलं. त्याचे टंगस्टन कार्बाइडचे दात खडक ठेचतात. ठेचण्यात ते पक्के, पण कोनाच्या आत बेअरिंग आहे, बेअरिंगला ग्रीस आहे आणि ग्रीस राखायला रबरी सील आहे. उष्णतेने सील गेलं की बेअरिंग जातं, आणि मग कोन तळाशी सुटून राहण्याची भीती. दुसरी जात पीडीसी, १९७०च्या दशकातली. त्यात हलणारा भाग नाही, सील नाही. त्याच्या कटरमध्ये कार्बाइडच्या गोट्यावर कृत्रिम हिऱ्याचा पातळ थर असतो आणि तो खडक तासत जातो. त्याचं दुखणं वेगळं. हिऱ्याच्या कणांमध्ये कोबाल्ट उरलेलं असतं. सुमारे ७०० अंशांवर ते हिऱ्यापेक्षा खूप जास्त फुगतं आणि थर आतून तडकतो. म्हणून आता कटरच्या तोंडाकडचं कोबाल्ट आम्लाने काढून टाकतात.

लोक इथे गल्लत करतात. विहीर तीनशे अंशांची आहे म्हणून पीडीसी जळेल, असं मला अनेकांनी ऐकवलं. तीनशे आणि सातशेमध्ये बरंच अंतर आहे, शिवाय मड, म्हणजे ड्रिलिंगचा चिखलपाण्याचा द्रव, फिरत असताना तळ त्याहून पुष्कळ थंड असतो. कटरला जाळणारी उष्णता घासण्यातून येते, आणि ती आपल्या हातात असते.

पहिलं पीडीसी बाहेर आलं तेव्हा रिग फ्लोअरवर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. खांद्यावरचे, म्हणजे बाहेरच्या वळणावरचे, बरेच कटर गेलेले. टूलपुशर, म्हणजे रिगचा मुकादम, म्हणाला, “लिहून टाका, पीडीसी इथे चालत नाही.” मी बिट धुऊन घेतलं आणि भिंग घेऊन एकेक कटर बघत बसलो. डल ग्रेडिंगच्या (बिटच्या झिजेच्या नोंदीच्या) रकान्यात आतली रांग २, बाहेरची ६ असे आकडे भरून मोकळं होता येतं, पण त्यातून कारण कळत नाही. कटर घासून सपाट झाला असेल, कड काळपट आणि गुळगुळीत असेल, तर तो उष्णतेचा बळी. कड धारदार तुटलेली, टवका उडालेला आणि बाकी तोंड चकचकीत, तर तो धक्क्याने गेलेला. माझ्यासमोरचे बहुतेक कटर दुसऱ्या प्रकारचे होते. नाकावरचे, म्हणजे बिटच्या पुढच्या टोकाचे, जवळजवळ कोरे होते.

मग सेन्सरचा कंपनांचा डेटा आणि जिओलॉजिस्टचा लॉग शेजारी ठेवले. मोठे धक्के राखेतून लाव्हात शिरताना बसले होते. मऊ थरात बिट भरधाव जातं, खालचा कठीण थर आधी मोजक्याच कटरना लागतो आणि सगळं वजन त्यांच्यावर येतं. उरलेले धक्के बिट तळाशी भरकटत फिरल्याचे, म्हणजे व्हर्लचे होते.

व्हर्लवरचा उपाय, म्हणजे बिटवरचं वजन वाढवणं, ड्रिलरच्या गळी उतरवणं सर्वांत अवघड गेलं. बिट थरथरायला लागलं की हात आपोआप वजन कमी करायला जातो. पण वजन कमी केलं तर कटर खडकात रुततच नाही, नुसता घासतो आणि तापतो. अमेरिकेत युटातल्या फोर्ज या जिओथर्मल प्रकल्पात ग्रॅनाइटमध्ये पीडीसीवर भरपूर वजन देऊन वेग कितीतरी वाढवला होता, त्याचे आलेख मी डॉगहाउसमध्ये, म्हणजे ड्रिलरच्या खोलीत, लावले. मग एका एकसंध लाव्हा थरात चाचणी घेतली. आरपीएम (मिनिटाला फेरे) स्थिर ठेवून वजन दोन-दोन टन वाढवायचं आणि दर पायरीला एमएसई बघायची. टील यांनी १९६५ मध्ये मांडलेलं हे माप म्हणजे एक घनमापाचा खडक काढायला किती ऊर्जा खर्च झाली ते. वजन वाढलं तशी एमएसई खाली आली, टॉर्कची (फिरवण्याच्या पिळाची) रेघ शांत झाली, वेग चढला. एका पायरीनंतर स्टिक-स्लिप, म्हणजे बिट अडकून मग झटक्याने सुटणं, सुरू झालं, तेव्हा आरपीएम थोडं वाढवून ते मोडलं. थर बदलायची जागा जवळ आली की मात्र आरपीएम खाली, आणि नवा थर पूर्ण बिटखाली आल्याशिवाय घाई नाही.

खालचा भाग वेगळ्या तऱ्हेने काढला. मड संपूर्ण खडकाच्या भेगांत जायला लागला, म्हणजे पूर्ण लॉस. कटिंग्ज वर येणं बंद, म्हणजे थर कधी बदलतो ते फक्त टॉर्क आणि वेगावरून ताडायचं. आइसलंडच्या रेक्यानेसमधली आयडीडीपी-२ विहीर अशा पूर्ण लॉसमध्येच खाली जाऊन २०१७ मध्ये ४,६५९ मीटरला थांबली, तेव्हा हे अशक्य नव्हतं. पण भेगाळ खडकात पीडीसी घालायला माझं मन घेईना, म्हणून तिथे ट्रायकोन लावलं. सील वाचवायला आत सोडताना टप्प्याटप्प्यावर थांबून पाणी फिरवलं, कारण थांबलेल्या विहिरीत तापमान झपाट्याने चढतं. यात वेळ जातो म्हणून कुरकुर झाली. ट्रायकोन केसिंगच्या (विहिरीत बसवायच्या पोलादी नळीच्या) खोलीपर्यंत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा तिन्ही सील शाबूत होते. बिटची रुंदी तपासायची गेज रिंग लावली तर फट नावालाच होती.

पुढच्या विहिरीच्या ऑर्डरमध्ये मी खांद्यावर १६ ऐवजी १३ मिलिमीटरचे कटर, एक जादा ब्लेड आणि मागे आधाराची दुसरी रांग मागितली आहे. याने वेग थोडा पडेल असं बिटवाल्यांनी कळवलं. पडू दे म्हटलं, एक ट्रिप वाचली तरी तो भरून निघतो.