मग आमच्या आजारावर का नाही?

मी विद्यापीठात औषधशास्त्र शिकवते आणि जीन गप्प करणाऱ्या औषधांवर संशोधन करते. हे कुठेही सांगितलं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतो, "जीन बंद करता येतो ना आता? मग आमच्या आजारावर का नाही?" विचारणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असतं, त्यामुळे दोन वाक्यांत वाटेला लावणं मला जमत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून जरा बैजवार सांगते.

आधी एक गैरसमज काढू. आम्ही जीनला हातच लावत नाही. डीएनए जसाच्या तसा राहतो. त्यावरून प्रथिन बनवण्यासाठी पेशी जी नक्कल काढते, एमआरएनए, ती तेवढी मधल्यामध्ये फाडली जाते. मूळ कागद कपाटात, झेरॉक्स केराच्या टोपलीत. म्हणून औषध थांबवलं की काही महिन्यांत सगळं पूर्ववत होतं. फाडायची कात्रीही पेशीची स्वतःचीच. दुपदरी आरएनए (एमआरएनए ज्याचा असतो तेच रसायन, पण दोन पदरांचं) आत गेला की त्याच्याशी जुळणारा एमआरएनए पेशी आपणच कापून टाकते, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी 1998 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत दाखवलं. 2006 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. आपण द्यायचा तो अशाच आरएनएचा साधारण 21 अक्षरांचा तुकडा. जीन ठरला की तो कागदावर लिहायला एक दुपार पुरते. (दहा-बारा तुकडे करून त्यांतला एक निवडावा लागतो, पण ते जाऊ दे.)

मग घोडं पेंड कुठे खातं? दाराशी. हा तुकडा ॲस्पिरिनच्या रेणूपेक्षा 70 पटींहून जड, वर ऋण विद्युतभाराने भरलेला. पेशीचं आवरण तेलकट. ते त्याला आत येऊ देत नाही. आणि आत घेतलं तरी काम झालं असं नाही, हे मी फजिती होऊन शिकले.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तुकड्याला लाल चमकणारा रंग जोडून पेशींवर सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. प्रत्येक पेशीत केंद्रकाभोवती लालभडक ठिपके, मोहरी सांडल्यासारखे. मी फोटो घेऊन धावत मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी फोटोकडे जेमतेम बघितलं. "ठिपके कसले दाखवतेस? एमआरएनए मोज." मोजला. तसूभरही कमी झाला नव्हता. ठिपका म्हणजे एन्डोसोम, बाहेरचा माल आत घेताना पेशी बनवते ती पिशवी. औषध आत होतं, पण कोठडीत. ते सुटलं असतं तर पेशीभर फिकट लाली पसरलेली दिसली असती, फोटोत मिरवण्यासारखं काहीच नसतं. पिशवीतून 100 मागे जेमतेम एखादा रेणू सुटतो, असा अंदाज आहे. निभावतं ते एवढ्याचसाठी की सुटलेला एक रेणू कात्रीत बसला की एकामागून एक कितीतरी नकला कापत राहतो.

वर्गात मी रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू ओळखून धरणारी पेशीवरची प्रथिनं, शिकवते तेव्हा गोष्ट वेगळी असते. प्रोप्रानोलॉल हे औषध हृदयाच्या पेशींवरच्या बीटा रिसेप्टरवर जाऊन बसतं, ॲड्रेनॅलिनला जागा मिळत नाही, नाडी मंदावते. तिथे रिसेप्टर हेच कुलूप आणि तेच लक्ष्य. आमच्या कामात मात्र रिसेप्टरला काही सांगायचंच नसतं, त्याच्या खांद्यावर बसून आत शिरायचं असतं. असा खांदा यकृताने दिला. ॲशवेल आणि मोरेल हे दोघे संशोधक रक्तातल्या एका तांबंवाहू प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्याच्या टोकाचं सियालिक आम्ल काढून ते सशांना टोचलं, तर काही मिनिटांत ते रक्तातून गायब होऊन यकृतात सापडलं. आम्लाखाली झाकलेली गॅलक्टोज साखर उघडी पडली होती आणि यकृताच्या पेशींवरचा एक रिसेप्टर ती ओळखून ओढून घेत होता. औषधाचा विचारही नसताना झालेलं हे काम आज आमचा अर्धा धंदा चालवतं.

ट्रान्सथायरेटिन या यकृतात बनणाऱ्या प्रथिनाचंच घ्या. त्याच्या साठ्यामुळे नसा निकामी होतात. 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून, दर 3 आठवड्यांनी शिरेतून, आधी स्टेरॉइड देऊन सोडावं लागतं. 2022 मधलं वुट्रिसिरान तोच जीन गप्प करतं, पण त्याला गॅलक्टोजच्या जातीच्या तीन साखरा जोडल्यात. ते 3 महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचतात. कोलेस्टेरॉलवरचं इन्क्लिसिरान तर सुरुवातीच्या दोन डोसनंतर 6 महिन्यांतून एकदाच. गंमत म्हणजे एवढं टिकण्यामागे तीच कोठडी आहे, पिशव्यांत अडकलेला माल महिनोन् महिने थेंबथेंब झिरपत राहतो. माझ्या त्या फोटोला मी आता इतकी नावं ठेवत नाही.

यकृताचा आजार नसेल तर? मेंदू आणि मज्जारज्जूसाठी कमरेत सुई घालून थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात औषध सोडता येतं. स्नायूंचं अवघड आहे. परवा एका बाईंनी मुलाच्या स्नायूंच्या आजाराबद्दल विचारलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं ते असं: लोह आत घेणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर स्नायूंवर असतो, त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर तुकडा चढवून काही स्नायूविकारांत माणसांवर चाचण्या झाल्या आहेत. पण तेच दार रक्त बनवणाऱ्या पेशींनाही असतं, त्यामुळे हिमोग्लोबिनवर डोळा ठेवावा लागतो. त्यांनी वहीत "ट्रान्सफेरिन" लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून, आणि म्हणाल्या, "म्हणजे जीन माहीत आहे, दार शोधताय." मी हो म्हटलं.