एक एलईडी, एक रेझिस्टर आणि दिवा का लागत नाही याचा शोध

ब्रेडबोर्डवर (भोकांत पाय खोचून सर्किट जोडायची पाटी) पहिलं सर्किट जोडायला मी साधा क्रम धरला: ९ व्होल्टच्या बॅटरीचं प्लस, मग स्विच, रेझिस्टर (प्रवाहाला आवर घालणारा भाग), लाल एलईडी आणि परत मायनस.

रेझिस्टर आधी हिशोबाने ठरवला. लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअर (०.०१५ अँपिअर) हवा, म्हणून ७ भागिले ०.०१५, म्हणजे सुमारे ४७० ओहम. त्याचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. तो जेमतेम ०.१ वॅट खातो, त्यामुळे पाव वॅटचा सहज पुरतो. रेझिस्टर गाळून एलईडी थेट बॅटरीला लावू नका, ती क्षणात जाते. एलईडीचा लांब पाय प्लसच्या बाजूला. पाय कापलेले असतील तर कडेला जिथे सपाट आहे तो मायनस.

दिवा लागला नाही की लोक सगळं उपसून पुन्हा जोडतात. माझ्या मते तो निव्वळ वेळेचा अपव्यय. मी मल्टिमीटर (व्होल्टेज आणि प्रवाह मोजायचं मीटर) २० व्होल्ट डीसीवर ठेवला, काळा प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) बॅटरीच्या मायनसला धरून ठेवला, स्विच चालू केला आणि लाल प्रोब एकेका जोडावर टेकवत गेलो. सगळं ठीक असेल तर स्विचनंतर ९, रेझिस्टरनंतर २ आणि एलईडीनंतर शून्य दिसायला हवं.

खरी गंमत रेझिस्टरनंतरच्या आकड्यात आहे. तिथेही ९ दिसले, तर पुढे प्रवाहच वाहत नाही: एलईडी उलटी आहे, जळालेली आहे किंवा तिच्यापुढची वायर सुटली आहे. प्रवाह नाही म्हणून रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही. शून्य दिसलं आणि रेझिस्टरच्या अलीकडे ९ असतील, तर रेझिस्टरचा पाय नीट बसलेला नाही किंवा एलईडीचे दोन्ही पाय एकाच ओळीत गेलेत. ब्रेडबोर्डच्या आडव्या ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात, मधल्या खाचेपलीकडची पाच वेगळी. (काही बोर्डांच्या कडेच्या लांब पट्ट्या मध्यावर तुटक असतात, तेही तपासा.) स्विच म्हणून लावलेलं चार पायांचं पुश बटण कायम चालूच राहत असेल, तर ते ९० अंशांत फिरवून बसवा, त्याचे पाय जोडीजोडीने आतून जोडलेले असतात.

प्रवाह मोजायचा तर मीटर सर्किट तोडून मध्ये घालावा लागतो. मिलिअँपिअरच्या रेंजवर प्रोब थेट बॅटरीच्या टोकांना लावले तर मीटरचा फ्यूज उडतो.