लाळेच्या नमुन्यातून वजनाविषयी काय कळते?

घरच्या घरी नळीत लाळ भरून ती प्रयोगशाळेकडे पाठवली की काही आठवड्यांत मोबाइलवर अहवाल येतो आणि जनुकांमुळे तुमचे वजन सरासरीहून अधिक असण्याचा संभव आहे, अशा अर्थाचे एखादे वाक्य त्यात असते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या मामेबहिणीने तिचा अहवाल मला वाचायला पाठवला, तेव्हा ती खचून गेली होती. इतकी वर्षे पाळलेले पथ्य व्यर्थ होते, अशी तिची समजूत झाली होती. ती समजूत चुकीची का आहे, हे सविस्तर लिहावे असे मला वाटले, कारण असे अहवाल आता आपल्याकडेही सर्रास मिळू लागले आहेत.

अशा अहवालांत ज्या जनुकाचे नाव हमखास येते, ते एफटीओ. लठ्ठपणाशी असलेला त्याचा संबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. एफटीओच्या दोन्ही प्रती जोखमीच्या (म्हणजे वजन वाढवणारा बदल असलेल्या) असणाऱ्या युरोपीय वंशाच्या प्रौढांचे वजन, एकही तशी प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोने अधिक आढळले. सर्वाधिक परिणाम करणाऱ्या सर्वसामान्य जनुकीय बदलाचे हे माप आहे. बाकीच्या शेकडो बदलांचा प्रत्येकी वाटा याहून कितीतरी लहान असतो. २०१९ मध्ये सुमारे २१ लाख बदलांची एकत्र बेरीज करून जोखमीचा गुणांक काढण्यात आला, तेव्हा सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा टक्के लोकांच्या सरासरी वजनात १३ किलोंचा फरक दिसला. हा फरक मुळीच क्षुल्लक नाही. मात्र वरच्या गटातही सामान्य वजनाची माणसे होतीच, आणि चाचणी करून घेणारी व्यक्ती त्यांपैकी आहे की नाही, हे त्या गुणांकावरून ठरत नाही.

एफटीओचा परिणाम मुख्यतः भुकेवर होतो. हा बदल असलेल्यांचे पोट भरल्याची जाणीव मंद असते आणि ते थोडे अधिक खातात; त्यांचे शरीर अन्न जाळतच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आहार व व्यायामाच्या नियंत्रित चाचण्यांत अशा माणसांचे वजन इतरांइतकेच उतरल्याचे दिसले आहे. माझ्या बहिणीला मी सर्वांत आधी कळवले ते हेच. जनुकांनुसार आहार सुचवणाऱ्या महागड्या योजनांबद्दल तर अधिकच सावध राहावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ प्रौढांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात कमी स्निग्धांशाच्या आहाराने सरासरी ५.३ किलो, तर कमी कर्बोदकांच्या आहाराने ६ किलो वजन उतरले, आणि कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून आधी सांगता आले नाही. तो निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही तशा योजनांची विक्री चालूच आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याहून मोठा प्रश्न हा, की हे गुणांक प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत आणि ते मोजतात वजन. आपल्या आरोग्याचा धोका मात्र बहुतेकदा वजनाच्या काट्यावर दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांवरही याज्ञिकांच्या गटाने काम केले. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी आणि हातापायांनी बारीक होती, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. त्याच मुलांच्या पुढील तपासण्यांत असे दिसले, की गरोदरपणी आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे जीवनसत्त्व जास्त असेल, तर सहाव्या वर्षी मुलात इन्सुलिनला होणारा प्रतिरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी स्थिती, सर्वाधिक असतो. आईच्या ताटातल्या उणिवेची ही नोंद लाळेच्या अहवालात कुठून येणार? एफटीओचा भारतीयांतील मधुमेहाशी असलेला संबंधही केवळ वजनातून स्पष्ट होत नाही, हे पुणे आणि हैदराबाद येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले. म्हणून आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर (पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा), रक्तातील साखर आणि रक्तदाब यांच्या नोंदी मला कितीतरी अधिक मोलाच्या वाटतात.

माहितीच्या गोपनीयतेचा विचार नमुना पाठवण्याआधीच करावा. लाळेवरून जनुकीय चाचणी करणाऱ्या ट्वेंटीथ्रीअँडमी या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

जनुकीय तपासणी जिथे खरोखर हवी, ते क्षेत्र वेगळेच आहे. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडे आढळली. त्यांपैकी मुलगी आठ वर्षांची होती आणि तिचे वजन ८६ किलो होते. भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाच्या जनुकात दोष असल्यामुळे त्या मुलांची भूक कधी शमतच नव्हती. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर वर्षभरात त्या मुलीचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. एमसी४आर या जनुकातील दोषामुळेही अगदी लहानपणी तीव्र लठ्ठपणा येतो. अशा मुलांच्या आईवडिलांना लाड केल्याबद्दल बोल लावला जातो आणि मुलांना अधाशी म्हटले जाते, हा मोठा अन्याय आहे. घरगुती संच जनुकसंचातील ठरावीक जागाच तपासत असल्यामुळे हे दुर्मीळ दोष त्यातून बहुधा सुटतात. पाच वर्षांच्या आतच ज्या बालकाचे वजन झपाट्याने वाढू लागते आणि ज्याची भूक आवरतच नाही, त्याला बालरोगतज्ज्ञांमार्फत अंतःस्राव विकारांच्या तज्ज्ञांकडे न्यावे आणि संबंधित जनुके पूर्ण वाचणाऱ्या वैद्यकीय चाचणीविषयी त्यांना स्पष्टपणे विचारावे.