मी थँक्यू का म्हटलं?

आज दुपारी आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर एक काकू आल्या. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्यात. "मराठी काही असेल का गं इथे?" असं लेकीला विचारत होत्या. लेक ते इंग्रजीत मला विचारणार, तेवढ्यात मीच म्हटलं, "आहे ना काकू, या, दाखवते."

काय फुलला चेहरा! बंगालीच्या भरगच्च कपाटांशेजारी आमचा मराठीचा हातभर कप्पा. त्याच्यासमोर आम्ही अर्धा तास उभ्या होतो. उशीर झाला तर दंड किती, विचारलं. म्हटलं, २०२१ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक लायब्रऱ्यांत उशिराचा दंडच नाही. मी ठाण्याची म्हटल्यावर तलावपाळी निघाली, मिसळ निघाली. मग आडनाव. 'कर'वर संपणारं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे कोकणातले. गाव कुठलं?" अलिबागजवळ. "तरीच! मग तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?"

"आमच्यात गौरी नसतात काकू. आम्ही बेने इस्राएल. ज्यू."

थांबल्या जरा. मग माझ्या दंडावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या, "अगंबाई! पण मराठी किती छान बोलतेस!"

आणि मी म्हटलं, "थँक्यू."

घरी येईपर्यंत, सेव्हन ट्रेनमध्ये, तेच डोक्यात. थँक्यू कशाबद्दल? त्याआधीचा अर्धा तास मी याच मराठीत बोलत होते, तेव्हा नव्हतं तिचं कौतुक. माझी आजी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताला, मराठीत गाऱ्हाणं घालायची, मलिद्याचं, म्हणजे गोड पोह्यांचं, ताट समोर ठेवून. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आमच्यात दाराफाळणीचा, दारं लावून घ्यायचा, सण म्हणतात. घाणा शनिवारी बंद, म्हणून कोकणात आम्ही शनवार तेली. १८७४ साली पुण्यात हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली, हिब्रूच्या जोडीला मराठी, आणि चित्रांतल्या बायका लुगडी नेसलेल्या. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तिथे उभी असताना यातलं एक अक्षर सुचलं नाही.

रेगो पार्ककडून ते बुखारी, म्हणजे मध्य आशियातले ज्यू, आजोबा येतात ना, रशियन वर्तमानपत्रं वाचायला, ते तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तू ज्यू? दिसत नाहीस." ताश्कंदचा माणूस, त्यांनी माझ्यासारखी ज्यू कुठे पाहिलेली असणार! त्यांचा राग नाही आला. आत्याला आला असता. आम्हीही पुरते ज्यू आहोत हे रब्बींनी, तिथल्या ज्यू धर्मगुरूंनी, मान्य करावं म्हणून १९६४ साली जेरुसलेममध्ये धरणं धरलं, त्यात ती होती. दादा अजून तिकडेच आहे. असो, त्याच्याबद्दल आज नको.

आजोबांना मी आधीपासून परकीच होते. काकूंनी आधी आपलं म्हटलं, गौरी विचारल्या, आणि मग एका शब्दानं दाराबाहेर नेऊन ठेवलं. तेही मायेनं. मायेनं म्हणून जास्त लागलं का? एवढी वर्षं इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी "या, बसा" म्हणते. कार्ड काढताना आम्ही कुणाचा व्हिसा विचारत नाही. मला मात्र जिथे तिथे खुलासा द्यावा लागतो.

हे लिहिता लिहिता एक जुनी गोष्ट आठवली. नोकरीचं पहिलंच वर्ष, रिचमंड हिलच्या बाजूला होते तेव्हा. एक बाई कार्ड काढायला आल्या. नाव आपल्याकडचं, कपाळाला टिकली. फॉर्म भरून घेताना मी म्हटलं, "तुमचं इंग्रजी फार छान आहे हं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मी गयानाची. आम्हाला दुसरी भाषा येतच नाही."

मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. १८३८ ते १९१७ बोटी भरभरून आपल्याकडची माणसं तिथे, दक्षिण अमेरिकेत, उसाच्या मळ्यांवर नेली, सोबत गेलेली भोजपुरी पिढ्यांमागून पिढ्या विरत गेली, हे सगळं मी नंतर वाचलं, आमच्याच कपाटातून पुस्तकं काढून. मीही मायेनंच म्हटलं होतं. ते पेन खाली ठेवणं अजून डोळ्यांसमोर आहे. त्या मला थँक्यू म्हणाल्या नव्हत्या. नीट, न चिडता, काय ते सांगितलं होतं. आणि पुढे माझी बदली होईपर्यंत माझ्याच काउंटरला येत राहिल्या.

मग काकूंवर रुसून मी कुठे जाणार? एवढं एक वाक्य मराठीत सांगायला हवं होतं, "काकू, माझ्या आईची भाषा आहे ती." तेवढं राहिलं.

जाता जाता त्यांनी विचारलं होतं, "मग तुमच्या सणाला काय गोडधोड करता गं?" मागे रांग होती, म्हटलं पुढच्या वेळी सांगते. मंगळवारी येणार आहेत. आईचे दोन दिवाळी अंक पिशवीत घालून ठेवलेत. मलिदा सांगण्यापेक्षा थोडा डब्यातूनच नेते. पातळ पोहे आहेत घरात. नारळ तेवढा उद्या जॅक्सन हाइट्सहून आणायला हवा.